टाळ्या मिळाल्या, जीव गुंतला नाही

नाशिक

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

रविवारची तुझी प्रो-रेसलिंगची, म्हणजे आधी बसवलेल्या कुस्तीच्या खेळातली लढत मी मागच्या भिंतीपाशी उभा राहून पाहिली. कार्यक्रम संपल्यावर "कशी झाली?" असे तू विचारलेस तेव्हा मी उत्तर टाळले, कारण त्या गर्दीत ते दोन वाक्यांत सांगता आले नसते. तुझे अंग तयार आहे, बंप, म्हणजे आपटून पडणे, सुरक्षित आहेत, वरच्या दोरावरून मारलेल्या उडीत पूर्वीची घाई उरलेली नाही आणि समोरच्याला तू नीट जपतोस. त्याविषयी अधिक लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते तुझ्या डाव्या हाताविषयी.

लढतीच्या मध्यावर प्रतिस्पर्ध्याने तुझा डावा हात लोखंडी पायरीवर दाबून धरला आणि बोटांवर बूट आपटला. तो क्षण उत्तम जमला होता. पहिल्या रांगेत आजोबांना बिलगून बसलेल्या एका मुलाने स्वतःचीच बोटे काखेत लपवली. तू हात झटकलास, तोंड वेडेवाकडे केलेस, आणि थोड्याच वेळात त्याच हाताने छातीवर सणसणीत चॉप (उघड्या हाताचा फटका) मारून त्याच हाताने समोरच्याला उचलून आपटलेस. मुलाने बोटे बाहेर काढली आणि तो पुन्हा वेफर्स खाऊ लागला. टाळ्या तुला मिळाल्या, पण त्या तुझ्या ताकदीला होत्या. तुझ्या काळजीने कोणाच्या पोटात गोळा आला नव्हता.

दुखणे दाखवले की सेलिंग, म्हणजे फटका खरा लागल्याचे प्रेक्षकाला पटवणे, झाले, असे आपल्याकडची बहुतेक मुले समजतात. त्या दुखण्यामुळे माणसाला काय ठरवावे लागते, हे प्रेक्षकाला दिसले तरच लढतीची गोष्ट पुढे सरकते. चॉप मारण्यासाठी सवयीने डावा हात मागे गेला, मध्येच थबकला, तू बोटांकडे पाहिलेस आणि तुझे पाहणे प्रतिस्पर्ध्यानेही टिपले, असे समज. आता उजव्या हाताने मारलेस तर फटका कच्चा बसेल, डाव्याने मारलेस तर तुलाही तेवढेच लागेल, आणि काहीच केले नाहीस तर तो पुन्हा बोटांवर तुटून पडेल. यांपैकी तू काय निवडतोस यावरून तू कोण आहेस हे शेवटच्या रांगेलाही कळते. डाव्यानेच मारलेस आणि तो कोसळण्याआधी तूच हात पोटाशी धरून गुडघ्यावर आलास, तर पुढच्या प्रत्येक पकडीकडे लोक धास्तीने पाहतील. मग उचलताना पकड निसटणे, हातातोंडाशी आलेला विजय जाणे आणि शेवटी त्या हाताशिवाय वाट काढणे हे सगळे एकातून एक निघते, त्यासाठी वेगळी युक्ती शोधावी लागत नाही.

"निकाल आधीच ठरलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे, मग लोकांना काय वाटणार?" असे तू मागे एकदा म्हणाला होतास. सुरगाणा-पेठकडचा बोहाडा एकदा रात्रभर बसून पाहा. महिषासुर मरणार हे तिथल्या पोरालाही ठाऊक असते, मुखवट्याआडचा गडी कोणाचा कोण हेही ठाऊक असते, आणि तरी संबळ घुमू लागला की माणसे पुढे सरसावतात. निकाल माहीत असल्याने त्यांचे काहीच बिघडत नाही.

23 मार्च 1997 रोजी अमेरिकेतल्या रोझमाँट येथे ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन या प्रो-रेसलर्सची लढत झाली, ती या दृष्टीने पुन्हा पाहा. ऑस्टिन हरला, पण रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने तो ब्रेटच्या शार्पशूटर या पाय मुरडणाऱ्या पकडीत शुद्ध हरपेपर्यंत राहिला आणि त्याने हार कबूल केली नाही. लढत संपल्यावरही ब्रेटने त्याला मारणे सोडले नाही. एकाचा नकार आणि दुसऱ्याची सूडबुद्धी, एवढ्यावर ब्रेटचे चाहते त्याच्या विरोधात गेले आणि ऑस्टिन लोकांचा झाला.

अर्थात त्यांच्यामागे कित्येक महिन्यांचा टीव्हीवरचा झगडा होता. तुला तशी सोय नाही. आपल्यासारख्या मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र कुस्तीत निवेदक दोन वाक्ये बोलणार, त्यातले एक स्पीकरच्या किंचाळण्यात बुडणार, आणि निम्म्या खुर्च्यांवर तुला प्रथमच पाहणारी माणसे असणार. म्हणून पहिली दोन मिनिटे मोलाची. प्रतिस्पर्ध्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला तर तू लगेच घेतोस, विचार करून घेतोस, की घेतच नाहीस? रविवारी तू त्या हाताकडे न पाहताच दोरांकडे धावलास आणि फुकट मिळालेला प्रसंग वाया घालवलास.

मोठ्या डावांवाचून हे साधत नाही असे वाटत असेल, तर रिंग ऑफ ऑनर या तेव्हाच्या स्वतंत्र संस्थेची 1 ऑक्टोबर 2005 ची न्यूयॉर्कमधली लढत पाहा. समोआ जो आणि जपानचे केंटा कोबाशी यांनी तिचा बराच भाग समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या छातीवर चॉप मारण्यात घालवला. पुढचा चॉप येणार हे दिसत असूनही मागे न सरकणे हा निर्णयच आहे, आणि प्रेक्षक प्रत्येक फटक्याला ओरडत होते. याउलट आपल्याकडे पाठ टेकल्यावर दोनच्या मोजणीला खांदा उचलण्याचा (तीन झाले की हार) अतिरेक झाला आहे. तुझ्या लढतीत तो इतक्या वेळा उचलला गेला की खरी तीनची मोजणी झाल्यावर लोक क्षणभर पंचाकडेच पाहत राहिले. (पंचाला सरावाला बोलावत जा, त्याच्या चेहऱ्यावरची चिंता निम्मे काम करते आणि तुम्ही त्याला खांबासारखा उभा ठेवता.)

खऱ्या कुस्तीतही लोकांच्या मनात राहते ते असेच काही. जानेवारी 2020 मध्ये पुण्यात नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. दोघेही काका पवार यांच्या तालमीतले. निकाल लागल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. ती कुस्ती किती गुणांनी सुटली हे आज अनेकांना आठवणार नाही, पण ते उचलणे आठवते. तिथे ते आपोआप घडले, कोणी बसवले नव्हते. आपल्याला तसा क्षण बसवावा लागतो, आणि म्हणूनच लढतीच्या सुरुवातीपासून त्याची तयारी करावी लागते.

पुढच्या लढतीची जुळणी तुम्ही कागदावर करत असाल, तर तो कागद आणि प्रतिस्पर्धी दोन्ही घेऊन शनिवारी संध्याकाळी ये. प्रत्येक डावापुढे "का?" लिहून आण. ज्यापुढे उत्तर सुचणार नाही तो डाव तिथेच खोडू, मग त्यात तुझी वरच्या दोरावरची उडी गेली तरी चालेल. उरलेल्या डावांत लढत छोटी वाटली, तर आधी एकही उडी न वाढवता नुसते थांबणे आणि एकमेकांकडे पाहणे वाढवून बघू. बोटांना लावायला पांढरी पट्टी आण, काळी नको; दिव्यांखाली ती मागच्या भिंतीपासून दिसत नाही.

कळावे.