आठ महिन्यांच्या बरेपणानंतर लिथियम थांबवावे का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ३४ वर्षांचा. तीन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही नैराश्य हटले नाही. चौथ्या खेपेस व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या गोळीला लिथियमची, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची, जोड दिली तेव्हा तो उठून बसला आणि गेले आठ महिने नियमित कामावर जातो आहे. आता लग्नाची बोलणी सुरू आहेत, ‘बरा झालाय ना, मग किडनी कशाला घालवायची’ असे आई म्हणतात, आणि त्यालाही गोळ्या नकोशा झाल्या आहेत. मी डॉक्टर नाही. एक नैराश्यावरची गोळी आणि सोबत लिथियम अशी जोडी मी अकरा वर्षे घेते आहे, आणि मधे एकदा ती स्वतःच्या शहाणपणाने बंद करूनही पाहिली आहे. तेवढ्याच अधिकाराने लिहिते.

आठ महिने हा काळ साध्या, पहिल्या औषधाने आटोक्यात आलेल्या नैराश्यासाठी कदाचित पुरेसा मानला जाईल, कारण तिथे बरे वाटू लागल्यावर सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्या भावाचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या अभ्यासात (त्याचे निष्कर्ष २००६ साली आले) पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकाला पूर्ण आराम पडला, पण तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर, म्हणजे आधीचे उपचार लागू न पडल्याने तिसऱ्या-चौथ्या उपचारापर्यंत आलेल्यांत, ते प्रमाण सातांत एक किंवा त्याहूनही थोडे कमी इतके घसरले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पूर्ण बरे झालेल्यांपैकी पहिल्या पायरीवरचे सुमारे एक तृतीयांश लोक वर्षभराच्या पाठपुराव्यात पुन्हा आजारी पडले, तर चौथ्या पायरीवरचे जवळजवळ निम्मे. आणि त्यांना औषध चालू ठेवण्याचाच सल्ला दिलेला होता. ज्याला औषध उशिरा लागू पडते, त्याचे बरेपण तितकेच नाजूक असते.

लिथियमबद्दल तर नेमका तुमच्याच प्रश्नावर एक छोटा जर्मन अभ्यास आहे, २००० सालचा. इतर औषधांना दाद न देणारे, पण लिथियमची जोड दिल्यावर सुधारलेले २९ रुग्ण घेतले; निम्म्यांचे लिथियम चालू ठेवले, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या, आणि नैराश्यावरचे मूळ औषध दोघांचेही चालू राहिले. चार महिन्यांत निष्क्रिय गोळ्यांवरच्या १५ पैकी ७ जणांचा आजार उलटला, लिथियमवरच्या १४ पैकी एकाचेही नैराश्य परतले नाही. आकडा लहान आहे, म्हणून त्यावर इमला बांधू नये. पण आई जेव्हा ‘आता कशाला’ म्हणतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे सात जण येतात.

माझे स्वतःचे सांगते. दुसऱ्या वर्षी मी दिवाळीच्या सुमारास गोळ्या एका आठवड्यात बंद केल्या, कोणालाही न सांगता. जानेवारी उत्तम गेला, आणि तोच फसवा भाग असतो. फेब्रुवारीत एका सकाळी गॅसवर दूध उतू जात होते, मला ते दिसत होते, वास येत होता, आणि खुर्चीवरून उठून बटण फिरवणे जमत नव्हते. पुन्हा त्याच गोळ्या सुरू केल्यावर त्या लागू पडायला पहिल्यापेक्षा जास्त महिने लागले.

आता किडनीकडे येऊ, कारण आईंची भीती निराधार नाही. लिथियम मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, बरीच वर्षे घेतल्यावर काहींमध्ये मूत्रपिंडाचे काम हळूहळू मंदावते, आणि तहान लागणे व वारंवार लघवी होणे तर अनेकांना सुरुवातीपासूनच जाणवते. मात्र हे अंधारात घडत नाही, तपासणीत दिसते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, थायरॉईडची टीएसएच आणि कॅल्शियम या तपासण्या निदान दर सहा महिन्यांनी होतात ना, ते पाहा. टीएसएचकडे विशेष लक्ष द्या; लिथियममुळे थायरॉईड मंदावले तर सुस्ती आणि उदासी येते, आणि घरचे समजतात की औषध लागू पडेनासे झाले. लिथियमच्या रक्तातल्या पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. मी रात्री नऊला गोळी घेते आणि सकाळी नऊला रक्त देते, सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. लॅबमध्ये हे कोणी विचारत नाही, त्यामुळे गोळी घेऊन गेलेल्या माणसाची पातळी उगाच जास्त येते आणि घरभर घबराट पसरते. नैराश्यात जोड म्हणून देताना साधारण ०.६ ते ०.८ या पट्ट्यात ती ठेवतात.

खरा धोका वर्षांचा कमी आणि एखाद्या आठवड्याचा जास्त असतो. एका मे महिन्यात गुडघा धरला म्हणून मी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून पाच दिवस घेतले, त्यात ऊन आणि पाणी कमी. पाचव्या दिवशी बशीतला चहा ओठांपर्यंत जाईना, इतका हात थरथरत होता, आणि चालताना तोल जात होता. पातळी १.४ निघाली. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, तसेच रक्तदाबाची काही औषधे, विशेषतः लघवी वाढवणारी, लिथियम शरीरात साठवून ठेवतात. व्हेन्लाफॅक्सिनच्या मोठ्या मात्रेने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून भावाला उद्या दुसरे कोणी डॉक्टर त्याची गोळी देतील, तेव्हा लिथियमचे नाव त्याने आधी सांगायला हवे. जुलाब, उलट्या, निर्जळी उपास, अचानक मीठ तोडणे, या सगळ्यांनी पातळी चढते. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, झोकांड्या, बोबडी वळणे दिसले तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

(मिठाचा संबंध जुना आहे. १९४९ साली अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले गेले, त्यातून मृत्यू झाले आणि ते बाजारातून काढावे लागले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो हे प्रसिद्ध केले.)

‘म्हणजे जन्मभर का?’ हे तुम्ही विचारले नाहीत, पण ते त्यामागे आहेच. तसे कोणी आज लिहून देऊ शकत नाही. वारंवार उलटणाऱ्या किंवा दाद न देणाऱ्या आजारात निदान दोन वर्षे, आणि मग पुन्हा विचार, असे माझे डॉक्टर म्हणाले होते. दोन वर्षांनी आम्ही विचार केला आणि माझा इतिहास पाहून पुढे चालू ठेवले. भावाचे उत्तर वेगळे येऊ शकते. पण बंद करायचेच ठरले तर दोन्ही गोळ्या एकत्र नकोत. लिथियम काही आठवडे ते तीन महिने घेत उतरवतात. व्हेन्लाफॅक्सिन झटक्यात सोडले तर चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, तेव्हा ते स्वतंत्रपणे आणि शेवटच्या टप्प्यात तर आणखीच सावकाश कमी करतात. ते झटके व्यसनाची खूण नव्हेत, हे आईंनाही सांगा. आणि हा प्रयोग साखरपुडा ते लग्न या धावपळीत नको. जागरण, उन्हातल्या फेऱ्या आणि चुकलेली जेवणे यांत काय कशामुळे झाले ते कोणालाच कळणार नाही.

मुलीकडे सांगण्याबद्दल माझे मत ठाम आहे: सांगावे, आणि भावाने स्वतः सांगावे. लपवलेली गोळी चुकते.

या आठवड्यात एवढे करा की मागच्या लिथियम पातळीची तारीख फाइलमध्ये शोधा. सहा महिन्यांहून जुनी असेल तर आधी ती तपासणी करून घ्या, मग ते कागद घेऊन भावासोबत डॉक्टरांकडे जा आणि बंद करण्याचा विषय त्यानेच काढू दे. मधल्या काळात मरणाचे विचार डोकावू लागले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ते मिळेनात तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.