फाइल अडकली, निकालात 'गैरहजर': आधी लॉग वाचवा

वसमतकडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. परीक्षा झाल्या की हिंगोली, परभणी, नांदेडकडून असले फोन येतच राहतात. ऑनलाइन पेपर 2 वाजता संपला, उत्तरं स्कॅन करून अपलोड करायला 2.30 पर्यंत वेळ. लाईट गेलेली, 2.21 ला सबमिट दाबलं, चाक फिरत राहिलं आणि पेज लटकलं. 2.34 ला तीच पीडीएफ कोऑर्डिनेटर सरांच्या व्हॉट्सॲपवर टाकली, दोन मिनिटांत निळी टिक. निकालात गैरहजर. सर म्हणायलेत बघू, विद्यापीठ म्हणायलंय फाइल आलीच नाही. याला 5 महिने होत आले.

ताई, लाईट किती वाजता गेली, रेंज होती का, हे राहू द्या. तुमची केस एकाच कागदावर उभी राहणार किंवा पडणार, तो म्हणजे सर्व्हरचा लॉग, म्हणजे परीक्षेच्या सिस्टिमनं आपोआप ठेवलेली नोंद. तुमच्या लॉगिनवरून किती वाजता काय आलं, कुठे तुटलं, हे त्यातच दिसतं. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांना, सरकारी संस्थांना असे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात, त्यापुढे ठेवायचं बंधन त्या आदेशात नाही. तुमचे 150 च्या आसपास गेले, माहिती अधिकाराचं उत्तर यायला 30 दिवस धरले तर उरलं काय? म्हणून माहिती अधिकाराची वाट न बघता आजच परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना पत्र द्या, की माझ्या सीट नंबरचा त्या दिवशीचा लॉग जपून ठेवा, नष्ट करू नका. परीक्षा घेणाऱ्या कंपनीलाही प्रत पाठवा. आवकचा शिक्का स्वतःच्या प्रतीवर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सोबतच 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो.

लॉगवर एवढा जोर का, तर आयटी कायद्याचं कलम 13. फाइल घ्यायला सिस्टिम ठरवून दिलेली असेल तर फाइल तिच्यात शिरली ती वेळ म्हणजे पोचल्याची वेळ, स्क्रीनवर मेसेज आला का नाही हा मुद्दा नंतरचा. ठरलेली जागा सोडून दुसरीकडे पाठवली तर समोरच्यानं ती उघडली ती वेळ, तुमच्या निळ्या टिकेचा उपयोग एवढाच, आणि तीसुद्धा 2.36 ची. सरांचा स्वतःचा मोबाईल म्हणजे विद्यापीठाची सिस्टिम का, यावर भांडण होणार. परीक्षेच्या सूचनांत वेगळं काही ठरलेलं असेल तर ते आधी बघतात, म्हणून ती सूचनांची पीडीएफ शोधा.

राग याचा येतो की 5 महिन्यांत तुम्ही लेखी एकच गोष्ट केली आणि ती म्हणजे रिव्हॅल्युएशनचा फॉर्म. अहो, पेपर तपासलाच नाही तर पुन्हा काय तपासणार? यूजीसीच्या 2023 च्या तक्रार निवारण नियमांत लोकपाल (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठात नेमलेला) नुसती फेरतपासणीची मागणी ऐकत नाही, निकालावर परिणाम करणारी ठराविक अनियमितता किंवा भेदभाव दाखवला तरच ऐकतो. म्हणून विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे नवीन तक्रार करा, त्यात 'फेरतपासणी' हा शब्द नको, 'वेळेत दिलेली उत्तरपत्रिका स्वीकारली नाही' असं लिहा. समितीचा निर्णय विरोधात गेला तर लोकपालाकडे जायला 15 दिवसच असतात, तेव्हा तरी झोपू नका.

मोबाईल विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, मूळ पीडीएफ आणि चॅट आहे तसं राहू द्या. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल केसमध्ये 2014 च्या निवडणुकीचे उमेदवारी अर्ज 3 वाजायच्या आत दिले का नंतर, हाच वाद होता आणि पुरावा व्हिडिओचा. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नुसती कॉपी दिली तर ती कशी काढली याचं सर्टिफिकेट लागतंच, मूळ उपकरण त्याच्या मालकानं कोर्टात हजर केलं तर लागत नाही. आता या सर्टिफिकेटचा नियम नवीन साक्ष्य अधिनियमात (पुराव्याच्या कायद्यात) कलम 63 मध्ये आहे. स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

ग्राहक आयोगात जाऊ नका, परीक्षा घेणं ही सेवा नाही असं सुप्रीम कोर्टानं 2009 मध्येच म्हटलंय. हायकोर्टाच्या खंडपीठात रिट याचिका होऊ शकते, पण तारखांवर तारखा पडत राहतात आणि तेवढ्यात तुमचं वर्ष जातं, शिवाय 5 महिने काय केलं हे तिथे पहिलं विचारतील. लॉगमध्ये अर्धीच फाइल निघाली तर काय होईल हे आज छातीठोक सांगता येत नाही.

पत्राची पोच हातात आली की तिचा फोटो पाठवा, मग तक्रारीचा मसुदा करू.