किराणा दुकानदाराच्या मुलांना दुकानातल्या गोळ्या-बिस्किटं फुकट मिळायची का?

प्रश्न विचारणाऱ्यानं पुढं असंही लिहिलंय, की "लहानपणी मला वाण्याच्या मुलाचा फार हेवा वाटायचा, समोर बरण्याच बरण्या!" हेवा मागं घ्या. मी वाण्याची मुलगी. कुर्डुवाडीत आमचं किराणा दुकान होतं, आणि त्या बरण्यांतली एकही गोळी आम्हा तिघा भावंडांना फुकट मिळाली नाही. मिळायची, पण मांडून.

मांडून म्हणजे खरोखरच मांडून. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खतावणीत रेल्वेतल्या गिऱ्हाइकांची खाती असत, आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची असत, आणि त्यांच्याच रांगेत एक पान असे : 'घर खाते'. आईनं डाळ मागवली, लिहा. देवाला कापूर नेला, लिहा. मी लिमलेटची गोळी तोंडात टाकली, लिहा. एकदा मी न विचारता बरणीत हात घातला. पाचेक वर्षांची असेन. अण्णा रागावले नाहीत. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "खा की. पण लिव." मला लिहिता येत नव्हतं, तर म्हणाले, एक रेघ ओढ. शाळेत जाण्याआधी माझ्या हातून कागदावर पहिलं काही उमटलं असेल तर ती उधारीची रेघ.

मोठी झाल्यावर मी चिडून विचारलं, की दुकान आपलंच, मग आपल्याच घराची उधारी कसली? तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मी पुढं बँकेत नोकरी करतानाही विसरले नाही. साखरेचं पोतं तेव्हा शंभर किलोचं यायचं. पावशेर-अर्धा किलो करत ते विकलं की पोत्याच्या तळाशी कधीच हिशेब पुरा उतरत नसे. थोडी साखर सांडते, थोडी मुंग्यांची, थोडी काट्यावर वर पडलेली. तिला 'तूट' म्हणायचे. भाव सगळ्या पेठेला ठाऊक, त्यामुळं साखरेत सुटायचं काय, तर बारदान! रिकामं पोतं विकून येईल तो नफा. तेलाच्या डब्याचंही तेच, डबा रिकामा झाला की त्याचे पैसे. "आता तू एक गोळी खाल्लीस," अण्णा म्हणाले, "तर धा गोळ्या विकल्याचा नफा ग्येला. रोज तिघांनी एकएक खाल्ली आन् लिवली न्हाई, तर दिवाळीला मला वाटंल धंदा बसला. धंदा बसलेला नसतो, घरानं खाल्लेला असतो." पेठेतली दोन-तीन दुकानं अशीच घरानं खाल्लेली त्यांनी पाहिली होती. नावं घ्यायचे नाहीत, हनुवटीनं त्या दिशेला दाखवायचे.

दुकान त्यांनी 1956 साली काढलं. दुसऱ्याच वर्षी आण्यांचे नवे पैसे झाले, त्यानंतर शेर जाऊन किलो आला. गिऱ्हाईक मात्र 'पावशेर'च मागायचं (अजूनही मागतं) आणि अण्णा अडीचशे ग्रॅम द्यायचे. लाकडी फळीवर ते मांडी घालून बसत, डोक्यावर दोऱ्याचं रीळ टांगलेलं. रद्दीच्या कागदाचा शंकू, त्यात जिन्नस, वरची घडी, दोऱ्याचे उभे-आडवे वेढे, आणि बोटानं हिसका देऊन दोरा तट्कन तोडायचा. हे सगळं बोलता बोलता. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' नाही, 'लाभ' म्हणायचं. सकाळची भवानी होईपर्यंत उधार नाही, मग दारात कुणीही येवो. रात्री दुकान 'बंद' करायचं नाही, 'वाढवायचं'. चुकून मी "बंद केलं का?" म्हटलं तर पहिल्यांदा गप्प बसत, दुसऱ्यांदा कान धरत.

आणि काटा. तागडीची दोन्ही पारडी कधी बरोबर समतोल नसतात, म्हणून हलक्या बाजूला काहीतरी बांधतात, तो पासंग. आमच्या तागडीला लोखंडी वायसर बांधलेला होता. 'पासंगालाही पुरणार नाही' हे आपण एरवी सहज म्हणतो, मी तो पासंग रोज बघत वाढले. दुकान उघडल्यावर अण्णा आधी रिकामी तागडी उचलून धरायचे, काटा मध्ये स्थिर व्हायची वाट बघायचे, मगच उदबत्ती. वजनांवर शिक्के मारायला सरकारी माणूस येई तेव्हा पेठेत धावपळ उडे. अण्णा मात्र वजनं घासूनपुसून मांडून ठेवत, जणू त्यांचीच परीक्षा आणि अभ्यास झालेला.

फार साधूसंत उभा करतेय असं वाटेल, म्हणून सांगते : ते तापट होते. आईला गल्ल्यावर कधी बसू दिलं नाही. बाईमाणसानं पेठेत बसायचं नाही, ही त्यांची समजूत शेवटपर्यंत गेली नाही, आणि आईचा तोंडी हिशेब तर त्यांच्याहून पक्का होता. मला मात्र बसवलं. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणवून घेत बसवलं. ही विसंगती त्यांना दिसत नव्हती की दिसत असून बोलायची नव्हती, देव जाणे.

ज्यांना कुर्डुवाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. ते गाव रेल्वेचं. मुंबई-सोलापूरची मोठी लाइन तिथून जाते, आणि तेव्हा मिरज-पंढरपूरकडून येऊन बार्शीमार्गे लातूरला जाणारी छोटी गाडी, म्हणजे नॅरो गेज, तिथंच मिळायची. रेल्वेचा कारखानाही गावातच. आषाढीला छोट्या गाडीच्या टपावरसुद्धा वारकरी बसलेले असायचे, आणि त्या दिवसांत अण्णा मध्यरात्रीपर्यंत भगर, साबुदाणा, शेंगदाणे जोखत बसायचे. पण वर्षाचा खरा आधार रेल्वेच्या पगाराचा. महिनाभर माल उधार न्यायचा, पगार झाला की खातं पुरं करायचं.

म्हणून 1974 चा मे महिना आमच्या घरात कुणी विसरलं नाही. 8 तारखेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. मी सातवीची परीक्षा देऊन सुट्टीत दुकानात बसत होते. गाड्या थांबल्या तसं सगळं गाव कानात बोळे घातल्यासारखं झालं. आमच्या खात्यावरच्या काही जणांना पोलिसांनी धरून नेलं, काही जण रात्री घरी झोपायला यायचे बंद झाले. पगार कुणाचाच होणार नव्हता. पेठेत बहुतेकांनी 'आज रोख, उद्या उधार'च्या पाट्या पुसून पुढं आणून लावल्या. त्यांचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही, घाऊक व्यापारी त्यांच्याही मानगुटीवर बसलेला होता.

अण्णांकडं एक बाई आल्या, पदराखाली पिशवी लपवून. नवरा कुठं आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. काही मागेनात, नुसत्या उभ्या. अण्णांनी विचारलंच नाही. नेहमीची यादी त्यांना पाठ होती : ज्वारी एवढी, तूरडाळ एवढी, गोडं तेल, चहाची पुडी. बांधली आणि फळीवर ठेवली. बाई गेल्यावर मला म्हणाले, "मांड." मी मांडलं. त्या वीस दिवसांत मी इतकं मांडलं, की बोटाला घट्टा पडला.

संपाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पुढारी कोण, मागण्या काय, हे त्यांना धड सांगताही आलं नसतं. आईनं रात्री विचारलं, हे पैसे बुडाले तर? तर म्हणाले, "ही माणसं गावातनं उठली तर मी फळीवर बसून कुनाला इकू? भितीला?" मला वाटतं हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं त्यांनी सांगितलं नाही.

27 तारखेला संप मागं घेतला गेला. पण सगळे लगेच कामावर गेले नाहीत, काहींना नोकरीवरूनच काढलेलं होतं. बार्शीच्या घाऊक व्यापाऱ्याचे पैसे तर द्यायचेच होते. ते कुठून आले ते घर खात्यावर दिसतं. जून 1974 पासून त्या पानावर साखर नाही, गूळ आहे. गहू नाही. खोबरं नाही. सोलापूरच्या बाजूला शेंगाचटणीशिवाय ताट म्हणजे ताटच नव्हे, पण शेंगदाणे दिवाळीपर्यंत दोनदाच आलेत. दोन वर्षांपूर्वीच्या, 72 च्या दुष्काळात लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या होत्या, त्यामुळं आम्ही फार कुरकुर केली नाही असं आई सांगायची. मला आठवतं ते वेगळं. मी भरपूर कुरकुर केली होती.

बहुतेकांनी पैसे फेडले, कुणी पाच रुपये, कुणी दहा, असं दोन वर्षं. दोन घरं बदली होऊन गेली ती गेली. एकाची मनीऑर्डर तीन वर्षांनी दौंडहून आली. अण्णांनी पोस्टमनला चहा पाजला आणि तो चहा घर खात्यावर लिहिला.

त्याच वर्षांतली एक गोष्ट मात्र खतावणीत नाही. पुड्यांसाठी रद्दी येई, तिच्यात मासिकं, दिवाळी अंकही असत. अण्णा त्यातून गोष्टींची पानं वेगळी काढून फळीखाली ठेवत. दुकान वाढवून घरी आले, जेवणं झाली, की कंदिलापुढं बसून आईला वाचून दाखवत. आई शाळेत गेलेली नव्हती. ते ओळीखाली बोट फिरवत वाचायचे आणि ती बोटाकडं बघत ऐकायची. असं बघता बघताच ती वाचायला शिकली. गोष्टीचा शेवट बऱ्याचदा नसायचाच, तो कुणाच्या तरी हळदीच्या पुडीला गेलेला असायचा. मग आई शेवट रचायची आणि अण्णा त्यात खोट काढायचे. आम्ही पांघरुणातून ऐकायचो. गल्ल्यावर बाईमाणूस नको म्हणणारा तोच माणूस.

पुढं छोटी गाडी जायला लागली, तिच्या जागी मोठी लाइन यायला लागली, सगळा माल बंद पाकिटांत यायला लागला. जोखायला काही उरलं नाही म्हणून अण्णांचं मन उडालं. भाऊ पुण्यात, दुसरा गुजरातेत. 2004 च्या लक्ष्मीपूजनाला त्यांनी शेवटची वही पुजली आणि रात्री दुकान वाढवलं ते वाढवलंच.

त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा ते गिऱ्हाईक झाले. समोरच्या नव्या दुकानात जाऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे आकडे शून्यावर आहेत का ते वाकून बघायचे. तो पोरगा बिचारा हसून सोडून द्यायचा. तिथून रोखीनं लिमलेटच्या गोळ्या आणून त्यांनी घरातल्या जुन्या बरणीत भरून ठेवल्या होत्या. माझी मुलगी आजोळी गेली की न विचारता झाकण काढायची आणि मूठ भरायची. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "अण्णा, लिहा की आता. घर खातं."

त्यांनी बरणी तिच्याकडं आणखी सरकवली. म्हणाले, "दुकान वाढवलंय न्हवं?"