बातमीतला गेम आणि घरातला मुलगा

टीव्हीवर एखादी भडक बातमी झळकली की पुढचे आठ-पंधरा दिवस समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकाच प्रश्नाची रांग लागते. ‘मॅडम, तो सारखा ते मारामारीचं खेळतो. उद्या काही करून बसणार नाही ना?’ विचारणारे कधी बँकेतले अधिकारी असतात, कधी भाजीचा गाळा चालवणारी आई, कधी खुद्द शिक्षक. जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये पुरावा म्हणून दाखवायला एक फॉरवर्ड असतोच. म्हणून यावेळी अथर्वबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

अथर्व नववीत. आई वैशालीताई घरगुती डबे करतात, वडील सुनीलराव सरकारी नोकरीत. तक्रार अशी की दिवाळीपासून मुलगा चिडका झालाय, जेवताना मान वर करत नाही, गुण घसरले आणि एकदा फोन काढून घेतला तेव्हा वडिलांच्या अंगावर धावून गेला. त्याच आठवड्यात शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर ‘घातक गेम’ अशी यादी आली होती. मी ती वाचली. त्यातले दोन गेम अस्तित्वातच नव्हते. पण सुनीलरावांनी त्याच रात्री मुलाच्या फोनमधला बीजीएमआय, म्हणजे पबजी या बंदुकीच्या ऑनलाइन खेळाचं भारतातलं रूप, काढून टाकला आणि मुलाला सांगितलं, ‘यापुढे खेळलास तर पोलीस धरून नेतील.’

‘असं कसं म्हणालात?’ मी विचारलं.

‘सरकारनेच बंदी घातली आहे ना आता सगळ्या गेमवर?’

हा गैरसमज सध्या फार पसरलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा झाला, त्याने बंदी आणली ती पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम, आणि नुसत्या करमणुकीचे खेळ त्या बंदीत येत नाहीत. शिवाय पैशाच्या खेळातही शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हे सांगितल्यावर सुनीलराव जरा खट्टू झाले. धाक दाखवायचं साधनच हातातून गेलं!

पण पोलिसांचं ते अगदीच हवेत बोलले नव्हते, हेही खरं. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पोलीस आयुक्तांनी पबजीवर बंदीचा आदेश काढला आणि मोबाईलवर खेळताना सापडलेल्या तरुणांना खरोखर अटक झाली. जामीन लगेच मिळाला. गुन्हा काय, तर आदेश मोडल्याचा. त्याआधी २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात पोकेमॉन गो या मोबाईल गेमविरुद्ध याचिका झाली होती. कारण? त्या खेळातली काल्पनिक अंडी देवळांच्या जागी दिसतात, त्याने भावना दुखावतात. न्यायालयाने सरकारला नोटीसही काढली. एकदा गहजब सुरू झाला की कुणाला त्यातलं काही हास्यास्पद वाटत नाही. आणि पबजीवर २०२० मध्ये देशभर जी बंदी आली, ती मुलं बिघडतात म्हणून नव्हती. गलवाननंतर चिनी कंपन्यांशी संबंध आणि माहितीची सुरक्षितता या कारणावरून शंभराहून जास्त ॲप बंद झाली, त्यातलं ते एक. तरी आजही पालक मला सांगतात, ‘वाईट होता म्हणूनच बंद केला ना?’

सगळ्यात मोठा गहजब २०१७ चा, ब्लू व्हेलचा; मुलांना टप्प्याटप्प्याने आत्महत्येकडे नेतो असं ज्याच्याबद्दल बोललं जायचं, तो ‘गेम’. मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूशी त्याचं नाव जोडलं गेलं आणि महाराष्ट्रात घराघरांत भीती शिरली. त्या काळात मी रोज समजावत होते की असा कुठला डाउनलोड करायचा गेम सापडत नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री, चंद्रपूरचे हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही. हे उत्तर किती जणांच्या फोनवर फॉरवर्ड होऊन आलं? भीतीची बातमी पहिल्या पानावर, खुलासा कुठेतरी आत. आणि एखादं मूल खरोखर खचलेलं असतं तेव्हा त्याच्या अभ्यासाचं, मार खाण्याचं, एकटेपणाचं विचारायचं राहून जातं, कारण दोषी आधीच सापडलेला असतो.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांतली. घटनेपेक्षा घटनेला आपण जो अर्थ चिकटवतो त्याचाच माणसाला जास्त त्रास होतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता ते मला पुस्तकातलं वाटत नाही. म्हणून मी सुनीलरावांना मनातलं वाक्य शेवटपर्यंत बोलायला लावलं. थांबत थांबत ते म्हणाले, ‘गेम खेळतो म्हणजे बिघडला. बिघडला म्हणजे आता हाताबाहेर गेला. म्हणजे मी बाप म्हणून नापास.’

‘शक्तिमान बघायचात?’ मी विचारलं.

ते चमकले. ‘हो. रविवारी दुपारी बाराला. का?’

‘शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं उड्या मारतात, अशा बातम्या तेव्हा यायच्या. घरी काय म्हणायचे?’

‘आजोबा टीव्हीचा प्लगच काढून ठेवायचे,’ ते हसले. ‘मी शेजारी जाऊन बघायचो.’

‘आणि उडी?’

‘छे हो! एवढं कळत नव्हतं का आम्हाला?’

मी काही बोलले नाही. वैशालीताईच म्हणाल्या, ‘मग त्याला कळत नसेल असं का धरून चाललोय आपण?’

इथे कुणी म्हणेल, शक्तिमान कुठे आणि बंदुकीचे खेळ कुठे. रास्त आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं काय खेळतात हे मुलांना विचारलं, आणि मूल किती आक्रमक वागतं हे पालकांना. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणं यांत संबंध आढळला नाही. यावरचा वाद सगळा मिटलाय असं मी म्हणणार नाही. पण ‘खेळला की खुनी’ असं सरळ गणित मांडायला आधार नाही, एवढं मी छातीठोक सांगते.

पुढच्या भेटीसाठी मी वैशालीताईंना वेगळंच काम दिलं. घरच्या वायफायवर गेम त्यांच्या फोनमध्ये डाउनलोड करून आणायचा, अथर्वने त्यात स्वतःच्या खात्यातून खेळायचं आणि त्यांनी माझ्यासमोर अर्धा तास मुलाशेजारी बसून बघायचं. प्रश्न विचारायचे, उपदेश करायचा नाही. अथर्वला आधी हा सापळाच वाटला. मग हळूहळू रंगला. हे विमान, इथून उडी, हा निळा घेरा येतो त्याच्या आत राहायचं, नाहीतर आपोआप संपतो.

‘आणि हे हिरवं काय उडतंय?’ आईने विचारलं.

‘रक्त. मी सेटिंगमध्ये हिरवं ठेवलंय. लाल बघायला नको वाटतं.’

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. ज्या मुलाच्या हातून रक्तपात होईल म्हणून त्या रात्र-रात्र जागल्या होत्या, त्याला खेळातलंही लाल रक्त नको होतं. माझ्या मते दार तिथेच किलकिलं झालं. पण खरी गोष्ट पुढे होती. डाव संपवून तो बाहेर आला आणि गेममधल्या त्याच्या खात्यावर कुणाचे तरी साठलेले मेसेज दिसले. त्याने घाईने अंगठा ठेवला, पण आईने वाचलं होतं. ‘किधर है बे. कल तक भेज, नहीं तो पापा को कॉल.’

खोलीत पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मग तो बोलायला लागला. दिवाळीत कुणीतरी गेममध्ये ओळख काढली, स्वस्तात यूसी देतो म्हणाला. यूसी म्हणजे गेममधले पैसे, ज्यांतून कपडे आणि बंदुकांचे रंग घेता येतात. अथर्वने आजीने दिलेले दिवाळीचे पैसे मित्राच्या फोनवरून पाठवले. यूसी आलंच नाही. मागितलं तर धमकी आली, तुझ्या घरी सांगतो. गप्प राहण्यासाठी त्याने पुन्हा पैसे दिले. मग पुन्हा.

सुनीलराव उठलेच. ‘नंबर दे त्याचा.’

‘बसा,’ मी म्हटलं. ‘तो माणूस कुठे पळत नाही. आधी समोरच्याशी बोला.’

ते बसले. बराच वेळ काही सुचलं नाही त्यांना. मग विचारलं, ‘किती दिले एकूण?’

‘साडेपाच हजार.’

‘बरं,’ ते म्हणाले. नुसतं ‘बरं’. अथर्वच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्या ‘बरं’ला. ओरडा खायच्या तयारीने त्याने मान खाली घातली होती.

‘सांगितलं का नाहीस रे?’ आईने विचारलं.

‘सांगितलं असतं तर म्हणाला असतात, बघ, आम्ही सांगत होतो ना.’

या उत्तराशी मी पालकांना थांबायला लावते, इथेही लावलं. महिनोन्महिने घरात गेमवर एवढं बोललं गेलं, पण सगळं बातमीतल्या गेमवर. व्यसन, खून, बंदी. अथर्वच्या गेममध्ये कोण भेटतं, काय मागतं, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याने आपणहून सांगावं अशी सोयही उरली नव्हती, कारण गेमचं नाव काढलं की तो आरोपी होई. चिडचिड, अबोला, अंगावर धावून जाणं, सगळ्याचा उगम त्या धमकीत होता. फोन काढून घेतला त्या दिवशी त्याला खेळ बुडाल्याचं दुःख नव्हतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत पैसे पाठवायचे होते आणि मुदत टळणार होती, ही भीती होती. मोठ्या आवाजातली काळजी मुलाला गप्प करते, हे मी कार्यशाळांतून कायम सांगते. इथे दोन्ही पालकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढचं तसं सरधोपट. मेसेज पुसले नाहीत, सगळ्यांचे स्क्रीनशॉट घेतले, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, मित्राच्या घरी सगळं सांगून त्याच्या वडिलांनाही सोबत घेतलं. पैसे काही परत आले नाहीत. पण घरच्यांना आता सगळं माहीत आहे, एवढं कळवल्यावर तो माणूस गायब झाला. धमकीत दुसरं भांडवलच नव्हतं. गेम परत आला. शाळेच्या दिवशी तासभर, सुट्टीत थोडा जास्त, आणि रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्यांचे, म्हणजे सुनीलरावांचाही; ही अट अथर्वची. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा बीजीएमआयने घातली आहे, पण आमच्या या पठ्ठ्याने स्वतःचं वय २१ टाकलं होतं! तेव्हा ॲपच्या भरवशावर राहू नका.

परवा त्या ग्रुपवर पुन्हा एक यादी फिरली. सुनीलरावांनी लिहिलं, ‘यातला तिसरा गेम कुठे मिळतो? मुलाला दाखवायचा आहे.’ अजून कुणी उत्तर दिलेलं नाही म्हणे.

आता काळजी कधी करायची ते सांगते, कारण गेमचा त्रास होतच नाही असं माझं म्हणणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलंय, पण त्याची खूण तास मोजून ठरत नाही. खेळ थांबवणं हातात राहत नाही, जेवणखाण, झोप, शाळा, मित्र सगळं खेळापुढे मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, आणि हे साधारण वर्षभर टिकतं, तेव्हा त्याला विकार म्हणतात. वर्ष भरायची वाट मात्र बघू नका. झोप उडाली, मित्र तुटले, आवडत्या इतर गोष्टी सुटल्या, पैसे गायब व्हायला लागले, की भेटा. मूल जगण्याला कंटाळल्यासारखं बोललं तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र कुणीतरी असतं आणि मराठीत बोलता येतं. आणि त्याआधी घरी एवढंच विचारा: कुणाबरोबर खेळतोस, ते लोक तुला काय म्हणतात, आणि त्यातलं काय तुला आवडत नाही?