इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे डीसी विजेची एसी वीज करणाऱ्या उपकरणात, फिरणारं काहीच नसतं, मग तो जनित्रासारखं जडत्व कसं देतो?

नक्कल सॉफ्टवेअर करतं, पण ऊर्जा खरीच लागते. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात.

एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं की बाकीच्या जनित्रांचे जड रोटर (फिरणारे भाग) किंचित मंदावतात आणि त्यांची गतिज ऊर्जा आपोआप तूट भरते. म्हणून ग्रिडची वारंवारता एकदम कोसळत नाही, हळू उतरते. सौर प्रकल्पातला नेहमीचा इन्व्हर्टर मात्र ग्रिडच्या व्होल्टेजमागे निमूट चालतो, स्वतःहून आधार देत नाही.

उपाय म्हणजे कंट्रोलरमध्ये रोटरच्या गतीचं समीकरण क्षणोक्षणी सोडवायचं: आत येणारी आणि बाहेर जाणारी शक्ती यांतला फरक भागिले जडत्व, म्हणजे वेग बदलण्याचा दर. त्यातून निघालेला कोन इन्व्हर्टरच्या व्होल्टेजला द्यायचा. झोंग आणि वाइस या संशोधकांचा २०११ मधला 'सिंक्रोनव्हर्टर' याच धर्तीचा. गंमत म्हणजे इथे जडत्व हा सेटिंगमधला आकडा असतो, हवा तसा बदलता येतो.

अडतं कुठे? करंटपाशी. बिघाडाच्या वेळी जनित्र क्षमतेच्या पाच-सहा पट करंट देऊ शकतं, इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर साधारण दीड पटीच्या आतच हात टेकतात. मर्यादा लागली की नक्कलही बिघडते. शिवाय डीसी बाजूच्या कपॅसिटरमधली ऊर्जा नगण्य, त्यामुळे बॅटरीसारखा वेगळा साठा हवाच. पवनचक्कीच्या पात्यांतूनही ऊर्जा उसनी घेता येते, पण वेग परत मिळवताना उत्पादन घटतं. बॅटरीचा मार्ग प्रत्यक्षात चालतो: दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी २०२२ पासून ग्रिडला असं जडत्व पुरवते आहे.