किती वेळ की किती वेळा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: धायरीतली सोसायटी, ३१२ फ्लॅट. वार्षिक सभेआधी पाण्याबद्दल लोकांचं म्हणणं गोळा करायचं म्हणून तुम्ही गूगल फॉर्म केलात आणि रात्री साडेनऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात. सकाळपर्यंत ६१ उत्तरं आली. मग कुणीतरी दाखवून दिलं की ‘तुम्हाला पुरेसं आणि स्वच्छ पाणी मिळतं का?’ या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणताच येत नाही. आता प्रश्न बदलू का, आणि बदलला तर त्या ६१ जणांचं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

प्रश्नाच्या वाक्याला आत्ता हात लावू नका. वाक्य बदललंत तर जुनी उत्तरं जात नाहीत, ती गुपचूप नव्या वाक्याखाली जाऊन बसतात. फॉर्मला जोडलेल्या, उत्तरं जमा होणाऱ्या शीटमध्ये रकान्याचं शीर्षकही बदलतं. म्हणजे एखाद्या काकूंनी ‘नाही’ लिहिलं ते पाणी साडेसातलाच जातं म्हणून. तुम्ही प्रश्न ‘पाणी स्वच्छ मिळतं का?’ असा केलात की त्याच काकू पाणी गढूळ आहे म्हणाल्या असं दिसणार. सभेत कुणी विचारलं तर पुरावा दाखवणंही अवघड जाईल, कारण जुनं वाक्य फॉर्मवर दिसत नसतं. पर्याय बदलले तर वेगळाच घोळ. आधीच्या लोकांची उत्तरं जुन्या शब्दांतच राहतात आणि एकाच गोष्टीचे दोन तुकडे मोजले जातात. शुद्धलेखन खुशाल सुधारा, पण अर्थ हलणार असेल तर तो नवा प्रश्न समजा.

खरं तर मला या एका प्रश्नापेक्षा बाकीच्या प्रश्नांची जास्त काळजी वाटते. तुम्ही लिहिलंय, ‘कमिटीतल्या चौघांनी टेस्ट केला होता.’ लिंक उघडली, सबमिट झालं, शीटमध्ये ओळ आली. ही लिंकची चाचणी झाली. प्रश्नांची चाचणी अजून व्हायचीच आहे.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सर्वेक्षणाच्या कामात मी कागदी फॉर्मच्या काळापासून आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी पाण्याचीच ऑनलाइन पाहणी केली. प्रश्न साधा होता: ‘नळाला पाणी रोज किती वेळ येतं?’ उत्तरासाठी रिकामी चौकट. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी भरून पाहिला, कुणाला काही खटकलं नाही. लिंक गेली, उत्तरं यायला लागली: २, १, २, ३, २. मी खूश.

त्याच आठवड्यात कर्वेनगरला एका मावशींकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, मलाही पाठव, भरते. चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ धरला आणि मोठ्याने वाचलं, ‘नळाला पाणी रोज किती वेळा येतं.’ आणि लिहिलं, २. सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, ‘मावशी, किती वेळ, वेळा नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मग अडीच तास. पण तसं विचारायचं ना नीट!’ एका कान्याचा फरक. आमच्या शीटमधले दोन म्हणजे दोन तास की दोनदा, हे कळायला काही मार्ग नव्हता. तो अख्खा रकाना टाकून द्यावा लागला. ‘किती तास’ लिहिलं असतं तर काही झालंच नसतं.

मराठीत असे खड्डे बरेच आहेत आणि इंग्रजी फॉर्मवरून भाषांतर करणाऱ्याला ते दिसत नाहीत. ‘आपण’ घ्या. ‘आपण टँकरवर किती खर्च करतो?’ यातले आपण म्हणजे माझं घर, माझी विंग की अख्खी सोसायटी? ‘अधूनमधून’ आणि ‘क्वचित’ एकाच यादीत टाकले तर यातलं जास्त कोणतं यावर घरातच वाद होतो, त्यापेक्षा ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस’ असं विचारा. आणि ‘पाणी कमी पडत नाही ना?’ यावर ‘हो’ म्हणजे कमी पडतं की नाही पडत? नकारार्थी प्रश्न दिसला की काढून टाका.

तर चाचणी करायची ती माणसाशेजारी बसून. पाच जण पुरेत, पण कमिटीतलं कुणी नको. सत्तरीपुढचे एक आजोबा, एक भाडेकरू, एखादी मराठी जेमतेम वाचणारी व्यक्ती, एखादी घाईत असलेली आणि एक असा माणूस ज्याचा फोन जुना आहे आणि अक्षरं मोठी करून ठेवलेली आहेत. त्यांना म्हणायचं, मोठ्याने वाचा आणि मनात येईल ते बोलत राहा. आपण गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड, कारण जीभ वळवळते समजावून सांगायला. तुम्ही समजावलंत की चाचणी संपली. माणूस अडखळला, मागे गेला, ‘म्हणजे?’ म्हणाला, की ती जागा लिहून घ्या. शेवटी दोन-तीन प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. तक्त्याचा प्रश्न असेल तर नक्की बघा, फोनवर उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर जातात आणि ते सरकवायचे असतात हे पुष्कळांना कळतच नाही.

हे काही माझं शहाणपण नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी केली तेव्हा आधी लहान चाचणी, त्यातून शिकून पुढची मोठी, असंच केलं होतं. आपल्या पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. अशा पाहणीत दारात एक माणूस उभा असायचा, समोरच्याचा चेहरा गोंधळला तर त्याला दिसायचा. तुमचा फॉर्म रात्री अकराला कुणी अंथरुणात पडून भरतं, तिथे गोंधळ बघायला कुणी नसतं. म्हणून तो आधीच बघून घ्यायचा.

आता तुमचं काय. ३१२ पैकी ६१ म्हणजे फार उशीर झालेला नाही. फॉर्म आज बंद करा, ‘उत्तरं स्वीकारणं’ बंद करायची सोय असते. फॉर्मची प्रत काढा, प्रतीत जुनी उत्तरं येत नाहीत. पाच जणांची चाचणी दोन दिवसांत उरका, पुरेसं आणि स्वच्छ यांचे दोन वेगळे प्रश्न करा, मग नवी लिंक द्या. जुनी लिंक ग्रुपमध्ये फिरतच राहणार, म्हणून बंद फॉर्मवर जो संदेश दिसतो त्यातच नवी लिंक टाका. चाचणीची उत्तरं फॉर्ममधून आणि शीटमधून अशी दोन्हीकडून पुसा, एकीकडे पुसली म्हणून दुसरीकडून जात नाहीत.

‘परत भरायचं?’ म्हणून लोक कुरकुरतील. चूक आमची, असं सरळ लिहा. पुणेकर चूक दाखवायला तत्पर असतात, पण कबूल केली की बहुतेकदा सोडूनही देतात.

अगदीच परत भरायला लावायचं नसेल तर त्याच फॉर्मात दोन नवे प्रश्न जोडा, जुना प्रश्न काढा आणि बदलाची तारीख-वेळ लिहून ठेवा. पहिल्या ६१ ओळी त्या दोन रकान्यांत रिकाम्या राहतील, त्या रिकाम्याच ठेवा. अंदाजाने भरू नका.

एका फ्लॅटचं एकच उत्तर हवं म्हणून लॉगिन सक्तीचं करू नका, आजोबांना पासवर्ड आठवत नाही. फ्लॅट नंबर विचारा, पण मग ‘नाव गुप्त राहील’ असं वर लिहू नका. आणि ग्रुपमध्ये कोण आहे ते एकदा बघा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुबईत राहणारे मालक आहेत आणि त्यांच्या घरात प्रत्यक्ष राहणारे भाडेकरू नाहीत. तुमच्याकडे तसंच असेल तर पाणी न पिणारे पाण्याबद्दल मत देतील. भाडेकरूंसाठी गेटवर छापील फॉर्म ठेवा, त्यात तेच प्रश्न त्याच शब्दांत हवेत.

टँकर किती आले असा प्रश्न फॉर्ममध्ये असेल तर त्यासाठी मात्र लोकांच्या आठवणीवर जाऊ नका. वॉचमनच्या केबिनमध्ये टँकर आल्याची वही असेल, तिचे गेल्या तीन महिन्यांच्या पानांचे फोटो काढून घ्या आणि तो प्रश्न फॉर्ममधून काढूनच टाका.