भावाच्या बस, आमदारांचं पत्र आणि पीएमपी

प्रश्न : आमचं गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत आहे पण पीएमपीची (पुणे-पिंपरीची शहर बससेवा) बस अलीकडच्या फाट्यापर्यंतच येते, पोरींना कॉलेजला जायला तिथून वडाप (शेअर जीप). आता आमदार बस गावापर्यंत आणा म्हणून पत्रावर पत्र देतायत. पण त्यांच्या सख्ख्या भावाच्या बस ठेक्याने चालतात आणि नवीन मार्गावर त्याच लागणार असं सगळे म्हणतात. हे कायद्यात बसतं का? आम्ही विरोध करावा का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : बसला विरोध अजिबात करू नका. बस तुमच्या हक्काची आहे, ठेका कोणाला मिळतो हा प्रश्न वेगळा, आणि तोच धरून बसायचा.

आधी पैशाचं बघू. पीएमपी २००७ ला पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली, तिची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. त्यामुळे बस या महापालिकांच्या हद्दीबाहेर न्यायची म्हटलं की बाहेरच्या गावांचा तोटा कोण सोसणार हा वाद पहिला येतो. २०२२ मध्ये ग्रामीण भागातले कितीतरी मार्ग पीएमपीने बंद केले होते, तेव्हा हाल कोणाचे झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि ठेक्याच्या बसला पैसे किलोमीटरवर मिळतात, म्हणजे मार्ग लांबला की ठेकेदाराचं बिल वाढतं, बस रिकामी धावली तरी. म्हणून तुमची शंका रास्त आहे.

आता कायदा, आणि इथे मला खरंच संताप येतो. ग्रामपंचायत सदस्याने स्वतः किंवा भागीदारामार्फत, थेट किंवा आडून, पंचायतीच्या कामात हिस्सा ठेवला तर महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली त्याचं पद जातं. नगरसेवकालाही महापालिकेच्या ठेक्याबाबत तसाच नियम आहे. आमदाराला काय, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ, त्यात त्याने स्वतः सरकारशी केलेला, माल पुरवायचा किंवा काम करायचा करार चालू असेल तरच अपात्रता. भावाचा करार त्यात येत नाही, आणि पीएमपी ही महापालिकांची कंपनी, राज्य सरकार नव्हे. गटाराच्या कामात हात असला तर पंचायत सदस्य घरी जातो आणि बसच्या ठेक्याजवळचा आमदार सुटतो, हे मला कुठल्याच अंगाने पटत नाही.

पीएमपीच्या संचालकांना कंपनी कायदा लागू आहे, कलम १८४ प्रमाणे स्वतःचा हितसंबंध बोर्डापुढे सांगावा लागतो. पण आमदार संचालक नसेल, नुसती पत्रं देत असेल, तर त्याला ते लागू नाही.

मग तुम्ही काय करायचं? आमदारांचं निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र, फॉर्म २६, निवडणूक आयोगाच्या साइटवरून काढा. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर त्यात स्वतःचे, पती-पत्नीचे आणि अवलंबितांचे सरकारशी आणि सार्वजनिक कंपन्यांशी असलेले करार लिहावे लागतात, कुटुंबाची भागीदारी फर्म किंवा शेअर असलेली प्रायव्हेट कंपनी असेल तर तिचेही. वेगळं कमावणारा भाऊ यात सुटतो, पण दोघं एकाच फर्ममध्ये भागीदार असतील तर दिसायलाच पाहिजे. ठेकेदार कंपनीचे संचालक कोण ते कंपनी खात्याच्या साइटवर बघा.

ग्रामसभेत दोन ठराव वेगवेगळे घ्या, एक बस पाहिजे म्हणून, दुसरा आमदारांनी भावाचा धंदा लेखी जाहीर करावा आणि ठेक्याच्या बाबतीत पत्र, फोन, मीटिंग यातून लांब राहावं म्हणून. एकत्र केलेत तर दुसऱ्याच्या रागात पहिला बुडेल.

प्रश्न : माहिती अधिकारात पीएमपीकडे नेमकं काय मागायचं?

उत्तर : मार्ग वाढवायचा प्रस्ताव, त्यावरची आमदारांची सगळी पत्रं, ठेक्याचा करार, किलोमीटरचा दर आणि बोर्डाच्या मीटिंगचं इतिवृत्त. फी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, आणि अर्जाची पोच सांभाळून ठेवा.